हायब्रिडवरचं भांडण

वर्षालीची संत्र्याच्या कलमांची नर्सरी परतवाड्याबाहेर, अंजनगावच्या रस्त्याला लागून होती. आई गेल्यापासून तिथल्या घरात ती एकटीच राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर त्याबद्दल विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. कलमांच्या वाफ्यांपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये तिची गाडी असायची. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्‌स कार, नागपूरच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. आधी लोक हसले, मग त्यांना सवय झाली. आता रविवारी सकाळी ती बाजारातून घुमत निघाली तरी दुकानदार मान वर करत नसत.

रविवारी सकाळी चिखलदऱ्याचा घाट, हा नेम अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा. तेव्हा चौघं होते. पुढे सहदेव परदेशी गेला. बंडूची पाठ धरली आणि त्यानं गाडी चालवणंच सोडलं. राहिला अकोल्याचा श्याम. तो पुण्यात नोकरी करायचा, पण रविवारी वर्षाली घाट उतरून घरी आली की त्याचा फोन यायचा, आणि दोघं भांडायला बसायचे.

भांडण हायब्रिडचं होतं. श्यामच्या डोक्यात हायब्रिड स्पोर्ट्‌स कार घ्यायचं होतं, आणि वर्षालीला ते पटत नव्हतं.

"पाठीवर बॅटरीचं गाठोडं बांधून कोणी शर्यत पळते का?" ती म्हणायची.

"अगं, इंजिनाला दम भरायला वेळ लागतो. तेवढ्यात मोटर गाडीला पुढे लोटते. तुला वळणातून निघताना जोर हवा असतो ना?"

"आन् ब्रेक? पाय दाबला की गाडी आधी वीज बनवते, मंग थांबते. पायाले का समजन?"

"चालवून बघ, मग बोल."

"त्यात गिअरबी आपला आपण बदलते. मंग मी कायले बसू? सामान म्हणून?"

श्याम आता 'मले', 'तुले' सोडून 'मला', 'तुला' म्हणायला लागला होता, हेही तिच्या लक्षात यायचं. पण त्यावर ती बोलायची नाही. आठवडाभर मजुरांशी पाण्याचं नि खताचं, गिऱ्हाइकांशी कलमांचं, एवढंच बोलणं व्हायचं. खुंटाच्या रोपात संत्र्याचा डोळा भरता भरता, कलमाला पट्टी गुंडाळता गुंडाळता ती पुढच्या रविवारचा मुद्दा घोळवत राहायची. तापलेल्या बॅटरीचा जोर घाटात टिकतो का? भांडण रंगलं की चहा गार व्हायचा आणि तिला बरं वाटायचं.

दिवाळीला श्याम नवी हायब्रिड घेऊनच अकोल्याला आला. भाऊबीज झाल्यावर एका सकाळी तो परतवाड्याला आला. वर्षाली पाण्याची मोटर बंद करून वळली, तर राखाडी रंगाची गाडी फाटकात येऊन उभी होती.

"तू चालव," श्याम उतरत म्हणाला. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते.

परतवाड्यातून गाडी नुसत्या बॅटरीवर निघाली. वर्षालीला ते विचित्र वाटलं. धामणगाव गढी मागे पडली, चढ लागला. तिनं पाय दाबला तसं इंजिन जागं झालं, आणि गाडी अशी उसळली की तिची पाठ सीटला चिकटली.

पहिल्या दोन वळणांना ब्रेकनं तिला गोंधळवलं. पाय टेकवला की गाडी अपेक्षेपेक्षा आधीच मंदावायची. तिसऱ्या वळणाला तिनं पाय हलका ठेवला आणि हिशेब जमला. एका उतरत्या आखूड वळणावर वजन मात्र जाणवलं. नाक बाहेरच्या बाजूला ओढलं गेलं, आणि तिनं मनातल्या मनात म्हटलं, धरलं तुले. पण लगेच पुढे सरळ चढ होता. त्याच जागी तिची लाल गाडी दुसऱ्या गिअरला किंचाळायची आणि तिसऱ्याला मरगळायची. ही गाडी तिथं कुठंही न अडखळता एका दमात वर गेली. गिअरसुद्धा स्टेअरिंगमागच्या पट्टीनं हातानं बदलता येत होते. कोणी तिला सामान करून ठेवलं नव्हतं.

ती हसत होती. किती दिवसांनी अशी हसली, तिलाच कळेना. मोथा गावाजवळ एक अवघड वळण फार सुरेख निघालं. "पाह्यलं का?" म्हणून तिनं बाजूला बघितलं.

श्याम मोबाइलवर ऑफिसला काहीतरी लिहीत होता.

"हो, मस्त," तो मान वर न करता म्हणाला.

चिखलदऱ्याला दरीच्या काठाशी एका टपरीवर ते थांबले. खाली धुकं भरलं होतं. श्यामनं चहाचा घोट घेतला.

"मग? कशी वाटली?"

 वर्षालीला त्या आखूड वळणाचं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यावर आणखी वर्षभर सहज भांडता आलं असतं. पण घाट चालवून आलेल्या माणसानं गाडीबद्दल तिरकं बोलू नये, असं तिला वाटायचं.

"चांगली हाय," ती म्हणाली. "वजन लागते कुठी कुठी. पण चालवणाऱ्याची गाडी हाय. मी चुकली."

"बघ! उगाच भांडत होतीस माझ्याशी." तो खुशीत हसला. मग म्हणाला, "खरं सांगू? मीच चालवत नाही गं फारशी. घर ते ऑफिस. ट्रॅफिकमध्ये सगळं बॅटरीवरच. इकडे यायला निघेपर्यंत इंजिन सुरू झालेलं मी महिनाभर ऐकलं नव्हतं."

"मंग घेतली कायले?"

"आवडायचं ना आपल्याला." त्यानं कप ठेवला. "एक सांगायचं होतं. आईबाबांना घेऊन चाललोय पुण्याला. अकोल्याचं घर विकलं. दोघांना एकटं कसं ठेवायचं? आता इकडे येणं कमीच होईल."

"बरं केलं," वर्षाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

उतरताना श्यामनं चालवली. सावकाश, एका हातानं, टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेबद्दल सांगत. फाटकात तिला सोडलं, आणि दर्यापूरच्या रस्त्यानं जाऊ की अकोटच्या, एवढं विचारून तो गेला.

पुढच्या रविवारी ती घाट उतरून घरी आली. चहा केला, फोन समोर ठेवला. फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. श्याम रागावला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्याच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, इतकंच. भांडण आपण दोघं मिळून जिवंत ठेवतोय असं तिला वाटत आलं होतं. फोन त्याचा यायचा, पण मुद्दे शोधून ते आपण एकटीनंच जिवंत ठेवलं होतं, हे आता तिला दिसलं.

थंडी पडल्यावर एका रविवारी तिनंच फोन लावला. उचलला श्यामच्या आईनं. सुभद्राकाकूंचा आवाज ऐकून वर्षाली दचकली. श्याम फोन घरी विसरून भाजी आणायला गेला होता.

"कोन, वर्षाली? बाई, किती दिवसांनी. कशी हायेस?"

"बरी हाय काकू. तुमी? करमते का तथी?"

"काय करमते. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. शेजारचे चांगले हायेत, पन मी बोलली की हसतात. मंग मी गप बसते. तुमी दोघं गाडीवरून भांडत होते ना? तो अकोल्याले आला की मी आतून आयकत जाओ. आता काहून भांडत नाही?"

"मी हरली, काकू."

"हरली तं का झालं? बोलनं कायले बंद केलं?"

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी गॅस बंद केला असावा, कारण त्या परत आल्या तेव्हा आवाज जवळून आला.

"ठेवू नको," त्या म्हणाल्या. "नर्सरीत का चालू हाय आता, ते सांग मले."

वर्षाली ओट्यावर बसली. कलमं बांधायचं काम सुरू आहे, माणसं मिळत नाहीत, माकडांनी वाफे उपटले, असं सांगू लागली. काकू मधे मधे 'हो का', 'मंग' म्हणत होत्या. श्याम आला की फोन त्याच्याकडे जाईल, आणि त्याला 'कसं काय' यापलीकडे काय विचारायचं, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. तोवर ती सांगत राहिली.