थोरल्याचं नाव

तलातूने वाटलेल्या चवळीचा गोळा तेलात सोडला आणि मान वर न करता म्हणाली,

"राकिया, आलेल्या माणसाला पाणी दे."

आलेला माणूस तिचा थोरला मुलगा होता. मागच्या चटयांच्या कुंपणातून वाकून तो आत शिरला, तेव्हा तिच्या हातातला झारा कढईत पडता पडता राहिला. इतक्या वर्षांत एक निरोप नाही, आणि आता उन्हं उतरायच्या वेळेला हा अंगणातल्या कडुनिंबाखाली येऊन बसलेला. गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली, अंगात टाचेपर्यंतचा जाड झगा. चुलीची धग त्याच्या तोंडावर येत होती, तरी झगा त्याने सैल केला नाही. तलातूची नजर पुन्हा पुन्हा त्या झग्याकडे जात होती. आत काय बांधलंय, कुणी सांगावं? गेल्या साली बाजारात असाच एक झगेवाला शिरून फुटला होता, आणि मग माणसं गोळा करायला चादरी पुरल्या नव्हत्या.

पोरगा रानातल्या बंदूकवाल्या लोकांना जाऊन मिळाला, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नसे, पण तलातूचे वडे घ्यायला येणाऱ्या बायका हल्ली पैसे ठेवून लगेच पाठ फिरवत.

राकिया मात्र हरखून गेली होती. कार्टीला भीती म्हणून ठाऊक नाही.

"दादा, किती वाळलास रे! तिकडे जेवायला देत नाहीत का?"

"देतात की. आधी मार देतात, मग जेवायला देतात."

"चल, काहीतरीच!"

तो हसला. मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "तू केवढी झालीस गं?"

"तेरा पूर्ण."

"तेरा," तो म्हणाला, आणि त्याचं हसू मावळलं.

पलीकडच्या गल्लीतल्या गांबोचा मुलगा असाच परत आला होता. आईच्या हातचं पोटभर जेवला, लहान भावंडांशी खेळला. सकाळी पाहतात तर दोघी बहिणी घरात नाहीत. रानात कुणा सरदाराला बायको हवी होती म्हणे. गांबो अजून रस्त्यात दिसेल त्याला विचारते, माझ्या पोरी पाहिल्यात का?

तेल कडकडत होतं. त्या आवाजाआडून तो राकियाशी हळू बोलत होता. तलातूने कान टवकारले, तरी हाती लागलं ते एवढंच: "कपडे बांधून ठेव. पहाटेच्या बांगेआधी निघायचं." राकियाने मान डोलावली आणि टुणकन उठून खोलीत पळाली.

काय चाललंय ते सरळ विचारावं की नाही? दुसरी कुठली आई असती तर झारा घेऊन अंगावर धावली असती. पण हा थोरला होता, आणि थोरल्याशी तलातू आजवर कधी समोरासमोर बोलली नव्हती. इथल्या कुठल्याच घरंदाज बाईला ते शोभत नाही. पहिलं मूल जन्मलं की आईने लाजायचं, चारचौघांत त्याला उचलायचं नाही, त्याच्याकडे बघून हसायचं नाही, आणि त्याचं नाव तर मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. दूध तुटल्यावर तो आजीकडे, शेजारच्या गावी वाढला. एकदा तापाने फणफणला म्हणून तलातू तिकडे गेली, तर सासू त्याच्या उशाशी बसून रडत होती आणि ही मागल्या दारी भांडी घासत होती. बायका म्हणाल्या, काय मर्यादेची बाई आहे! त्या कौतुकाचं तिने पुढे काय केलं? घासलेलीच भांडी पुन्हा घासली, आणि तोंडात डोक्यावरचं फडकं कोंबून रडली. पोराला त्यातलं काय कळणार होतं? त्याला एवढंच दिसलं असेल की आई आली आणि आपल्याकडे न बघता गेली. पुढे रानातल्या लोकांनी त्याला जवळ बसवलं, नावाने हाक मारली, आणि गेला तो त्यांच्या मागे.

"राकिया, मीठ संपलंय. शेजारून आण जा," ती मोठ्याने म्हणाली.

"राकिया बाहेर जाणार नाही," झाडाखालून आवाज आला. शांतपणे, पण असा की पुढे बोलायची सोय नाही.

पोर आता त्याच्या मुठीत होती. तिने कढई उतरवली, ताटलीत गरम वडे काढून त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवले, आणि वाटी उचलली.

"मीच जाते," असं कडुनिंबाला सांगून ती बाहेर पडली.

शेजारी दानलादी राहायचा, मोहल्ल्याच्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या. तलातूच्या वारलेल्या नवऱ्याचा जुना दोस्त. रिकामी वाटी घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली. काय झालंय, हे तिला फारसं सांगावं लागलंच नाही. थोड्याच वेळात तो आणि त्याचे तिघे पहारेकरी गावठी बंदुका घेऊन तिच्या दारातल्या खोलीत उभे होते. तिथून पुढे बायकांचं अंगण. परका पुरुष बिनहाकेचा तिकडे पाऊल टाकत नाही, पहारेकरी असला तरी.

"एकटाच आहे?" दानलादी पुटपुटला.

"एकटाच."

"अंगावर काही?"

"झगा काढत नाहीये, भावजी."

त्याने सुपारीसारखं चघळत ठेवलेलं कोलाफळ थुंकून टाकलं. "आणि पोरगी?"

"आतच आहे हो."

"मग आम्ही घुसलो तर तिच्याच जिवावर बेतायचं. वहिनी, तुम्ही बोलवा त्याला बाहेर."

"राकियाकरवी सांगू का?"

"तिला कशाला मध्ये घालता? तुम्हीच मारा हाक." तो जमिनीकडे बघू लागला. तोही आपल्या आईचा थोरलाच होता. "नाव घेऊन मारा. येईल तो."

"त्याला मारणार नाही ना तुम्ही?"

"हात वर करून आला तर हातही लावणार नाही. नाक्यावर लष्कराची गाडी असते, तिच्यात बसवून देऊ."

त्या गाडीत बसलेल्यांचं पुढे काय होतं ते गावात कुणी विचारत नसे. तलातूनेही विचारलं नाही. अंगणात राकिया कशावर तरी खळखळून हसली. एक तर वाचू दे, अल्ला, एक तरी.

तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. तिने ओठ ओले केले, भिंतीला हात टेकला.

"बिल्यामिनू!"

आत राकियाचं हसणं थांबलं. मग पावलं वाजली, भरभर.

"आलो, आई!"

तो पळतच आला, खेळता खेळता घरात बोलावलेलं पोर येतं तसा. हातात अर्धा खाल्लेला वडा, आणि चेहरा असा उजळलेला की तिने आयुष्यात कुणाचा पाहिला नव्हता. चार बंदुका त्याला मागाहून दिसल्या. त्याने हात वर केले. वडा हातातच राहिला.

"झगा काढ!" दानलादी ओरडला.

त्याने काढला. आत काही नव्हतं. बरगड्या होत्या, आणि पहारेकऱ्यांनी त्याला भिंतीकडे वळवलं तेव्हा पाठभर चाबकाचे वळ दिसले, काही अजून ओले. त्यांनी त्याचे हात बांधले. तो मान वळवून आईकडेच बघत होता. तिने नेहमीच्या सवयीने नजर खाली केली, आणि ते त्याला घेऊन गेले.

राकिया बाहेर आली ती डोक्यावर हे मोठं गाठोडं घेऊन.

"दादा कुठे गेला? आई, तुझी शाल कुठे ठेवलीस? मघापासून शोधतेय."

"माझी शाल?"

"तुझेही कपडे घे म्हणाला ना तो. शुक्रवारी ते लोक येणार आहेत, आपल्या मोहल्ल्यातल्या पोरी न्यायला. म्हणून तर तो पळून आलाय. बाहेर पडू नकोस म्हणाला, कुणी बघितलं तर सगळंच फसेल. पहाटे आपल्या दोघींना मावशीच्या गावी पोचवणार आहे." राकियाने गाठोडं खाली ठेवलं. "तुला सांग म्हणाला मला. तो तुला कसा सांगणार?"

तलातूने तिच्याकडे पाहिलं. मग ती धावत सुटली. डोक्यावरचं फडकं दारातच गळून पडलं. धुळीत तिला काही दिसत नव्हतं, पण नाक्यावर गाडी सुरू झाल्याचं ऐकू येत होतं.

"बिल्यामिनू! भावजी, थांबवा हो! बिल्यामिनू!"

बायका दारांत आल्या, आणि थोरल्याचं नाव आईच्या तोंडून ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवले. तलातू पळत होती आणि अख्ख्या मोहल्ल्यादेखत त्याला हाका मारत होती.