बाटली आडवी, कप उभा

नलूनं इकडंतिकडं पाहिलं आणि भिंतीवरचा ओला रंग नखानं खरवडला. शीलाच्या नाकाचा शेंडा निघाला. चित्रात शीला कपबशी धरून हसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘बाटली आडवी, कप उभा.’ शेजारी चहाच्या कंपनीचं नाव, शीलाच्या डोक्याहून मोठं.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायांचं मतदान चार दिवसांवर आलं होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकानाला टाळं. घरी राहिलेली बाई आपसूक दुकानदाराच्या बाजूची. दोन वर्षं दारोदार फिरून सह्या-अंगठे गोळा केले ते नलूनं. तिचा नवरा उकंडा रोज त्याच दुकानातून भिंती धरत घरी यायचा, तिला दुसरा इलाजच नव्हता. शीला आली ती शेवटच्या मोर्चाला, इस्त्रीची साडी नेसून. आणि कंपनीच्या माणसानं फोटो काढला तो नेमका तिचा. नलूच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

भुरीबाई कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम. तिचा शब्द गावात चालायचा. नळावर तिनं त्या चित्राचं कौतुक केलं आणि नलूचा तोल गेला. मोर्चे-बिर्चे सगळे चहावाल्यांनीच करवून घेतले, शीला त्यांचीच बाई, असं ती बोलून गेली. बोलल्यावर तिला बरं वाटलं. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

मतदानाच्या दिवशी नलू आपला शिक्का मारून शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. दहा वाजले तरी रांगेत सात-आठच बाया. शीला घरोघर हाका मारून दमली होती. तेवढ्यात भुरीबाईची टोळी शेताकडं निघालेली दिसली, कमरेला कापूस वेचायच्या ओट्या बांधलेल्या पन्नासेक बाया. नलूनं वाट अडवली.

“मत टाकून जा ना, बाई.”

“मजुरीचा दिवस कायले पाडावा? कंपनीचं काम कंपनी करन. तूच तर सांगतलं.”

शीला येऊन बाजूलाच उभी राहिली होती. तिच्यासमोरच बोलावं लागणार होतं.

“मी खोटं बोलली,” नलू म्हणाली. “शीलाचा फोटो लागला, माहा नाही लागला. जळली मी. कंपनीनं निस्ती भिंत रंगवली, बाई. उन्हातान्हात फिरलो ते आपणच.”

भुरीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं, मग शीलाकडं.

“हे बी कंपनीनंच बोलाले लावलं का तुले?”

टोमणा नव्हता तो. उत्तरासाठी ती थांबली होती, तिच्यामागं पन्नास बाया थांबल्या होत्या, आणि खरं होतं ते नलूनं आधीच सांगून टाकलं होतं.