योगराजचं भाषांतर

रविवारी सकाळी सचिन नावाच्या कापडगिरण्यांच्या गावात, मंगलाबाईच्या खोलीत प्रार्थनेला माणसं जमू लागली, तसा योगराज घाईनं चटया अंथरू लागला. आठवडाभर तो जवळच्या पलसाणा गावी कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये राबायचा; रविवारी या लहानशा मंडळीचा पास्टर व्हायचा. खानदेशातून इथल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला आलेली ही कुटुंबं त्यानंच एकेक करून जोडली होती. आज मंडळीला आधार देणाऱ्या मिशनची पाहुणी, कोरियाच्या हाना सिस्टर, पहिल्यांदाच येणार होत्या.

त्या आल्या, सगळ्यांना हात जोडून बसल्या. तेवढ्यात सरलाबाई आली आणि नेहमीसारखी दाराशी, चपलांजवळ टेकली. ती परभणीकडची, रस्ते झाडणारी बाई. बाप्तिस्मा घेऊन तिला तीन वर्षं झाली होती. तरी प्रभुभोजनाची भाकर तिच्याकडे सगळ्यांत शेवटी जायची. मंगलाबाई एकदाच बोलली होती, "देव एक शे, मान्य शे. पन पोरीस्नी सोयरीक तं जातमाच करनी पडस ना, भाऊ?" मंडळी फुटू नये म्हणून योगराज गप्प बसला होता.

हाना सिस्टरनी इंग्रजीत विचारलं, "या ताई तिथं दाराशी का बसल्यात?"

योगराजनं प्रश्न मराठीत सांगितला. सरलाबाईनं सरळ उत्तर दिलं, "माझ्या हाताला हात लागल्यालं हितं कुनाला चालत न्हाई. म्हून बसती."

खोलीत सगळ्यांना ते समजलं, एका पाहुणीखेरीज. योगराज पाहुणीकडे वळला. तो इंग्रजीत म्हणाला, "दाराशी वारा चांगला लागतो म्हणतात."

हाना सिस्टर सरलाबाईकडे बघून प्रेमानं हसल्या.

"काय सांगितलं ओ त्यास्नी?" सरलाबाईनं विचारलं. "बाई हसली कशापायी?"

योगराजला तिच्याकडे बघवेना. गाणी झाली, वचन वाचून झालं. भाकर मोडायला त्यानं हातात घेतली, पण ती मोडवेना. त्यानं ताट खाली ठेवलं.

"मी खोटं सांगितलं," तो आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणाला. "वाऱ्यासाठी नाही, आम्हीच त्यांना तिथं बसवलंय. सरलाबाई, पुढं या. आधी तुम्ही घ्या."

सरलाबाई उठली, पण पुढं आली नाही. "पाव्हनीम्होरं दाखवाय बोलावता व्हय? ती न्हवती तवा का न्हाई बोलावलं?" तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली.

या वेळी योगराजनं शब्दन् शब्द सांगितला. हाना सिस्टरनी मान खाली घातली. "तुमचे फोटो आमच्याकडं यायचे," त्या म्हणाल्या. "मंडळी वाढली म्हणून आम्ही आनंद करायचो. दाराशी कोण आहे, हे कधी विचारलं नाही."

संध्याकाळी योगराज सरलाबाईच्या खोलीवर माफी मागायला गेला. तिनं बसा म्हटलं आणि पेलाभर पाणी पुढं केलं. तीन वर्षांत तो तिच्या घरी कितीदा प्रार्थनेला आला होता, पण पाणी कधी प्यायला नव्हता. त्यानं हात पुढं केला आणि तो हात मध्येच, क्षणभर, थबकला. मग घाईघाईनं तो सगळं पाणी प्यायला. पण सरलाबाईनं ते थबकणं पाहिलं होतं. ती पेला घेऊन आत गेली.

पुढच्या रविवारी बरीच घरं आली नाहीत. सरलाबाईही आली नाही. योगराजनं उपदेश केला नाही. आपला हात तिच्या घरी कसा थबकला, तेवढंच त्यानं उभं राहून सांगितलं.

"तुमच्या भीतीनं मी गप्प राहिलो, असं इतके दिवस स्वतःला सांगत होतो," तो म्हणाला. "तसं नव्हतं. विटाळ माझ्याच हातात होता."

मंगलाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला. "आते काय करवानं, भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

"आज भाकर मोडायची नाही," योगराज म्हणाला. "आधी आपण सगळे तिच्या घरी जाऊ. ती दारात उभं करील, तर दारात उभे राहू."