भोंग्यावरून वाचलेली यादी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चाँदभाई मेकॅनिकने शिडी लावली, चार नट सोडवले आणि मला समाजमंदिराच्या छतावरून खाली घेतले. मी एक जुना भोंगा आहे. दिंद्रुडजवळच्या एका लहान गावात मी बावीस वर्षे बोललो.

मित्रांनो, मला माजलगावच्या बाजारातून सप्ताहासाठी आणले होते. कीर्तन, पोलिओचा डोस, हरवलेली शेळी, सगळे मी सांगितले. वर्गणी देणाऱ्याचे नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायची, हा गावचा रिवाज. एकदा गावातल्या सटवाचे नाव राहिले, तर त्याने एकवीस रुपये परत मागितले होते.

तीन वर्षांपूर्वी गावचा ओढा काळा पडला. वरच्या अंगाला मद्यार्काचा कारखाना आहे. विहिरींनाही वास येऊ लागला. निवृत्त अंगणवाडी सेविका वच्छलाबाईंनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने सांगितले, आधी दीड लाख रुपये अनामत भरा, म्हणजे हेतू प्रामाणिक आहे हे दिसेल. मुदत चार आठवडे. रक्कम आली नाही तर याचिका रद्द.

"आमी पानी मागायला गेलतो, का जमीन घ्यायला?" सटवा म्हणाला.

"खोट्या याचिका लई येतात," वच्छलाबाई म्हणाल्या. "कोर्टानं आपल्याला कसं वळखावं? भरायचे."

वर्गणी सुरू झाली. वच्छलाबाई रोज संध्याकाळी माझ्यावरून यादी वाचत. आमिनाबी, पाचशे. धोंडीराम, दोनशे. सटवा, शंभर. सटवा कट्ट्यावर बसून स्वतःचे नाव ऐकून जाई.

पंचविसाव्या दिवशी चाळीस हजार कमी होते. त्या दिवशी विजयसिंहांचा माणूस पाकीट घेऊन आला. विजयसिंहांचा शेजारच्या तालुक्यात तसाच कारखाना आहे.

"त्यांचं नको," वच्छलाबाई म्हणाल्या.

"बाई, तीन दिवस राहिलेत," चाँदभाई म्हणाला. "दुसरं कोन देनार हाय? तुमी देता का?"

 वच्छलाबाईंनी पाकीट घेतले.

संध्याकाळी यादी हातात घेऊन त्या थांबल्या. सटवा कट्ट्यावरून ओरडला, "माझे शंभर वाचले, त्यांचे चाळीस हजार लपवता व्हय? मंग ती चोरीच झाली की!"

त्यांनी वाचले. विजयसिंह, चाळीस हजार. मी ते शिवेपर्यंत पोचवले. चहाच्या टपरीवर ओढ्यावरच्या कारखान्याचा एक माणूस बसला होता. त्याने मोबाइल वर धरला.

अनामत मुदतीच्या एक दिवस आधी भरली गेली. तीन आठवड्यांनी कारखान्याचे प्रतिज्ञापत्र आले: ही याचिका गावाची नाही, धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची आहे, ती फेटाळावी आणि अनामत आमच्या खर्चापोटी आम्हाला द्यावी. सोबत ध्वनिमुद्रण होते. त्यात माझा आवाज स्पष्ट आहे. आमिनाबी आणि धोंडीरामचीही नावे त्यात असायला हवी होती, पण मुद्रण एकाच नावाचे आहे.

वकिलांनी सांगितले, निकालापर्यंत भोंग्यावरून काही बोलू नका. म्हणून मला उतरवले. आता मी चाँदभाईच्या दुकानात, जुन्या टायरांशेजारी आहे.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूने शहाणपणाचे दोन शब्द सांगावेत. नाव मोठ्याने घेताना कोण ऐकते ते पाहा, असे मी सांगणार होतो. पण काल वच्छलाबाई दुकानात येऊन म्हणाल्या, "परत येळ आली तरी वाचीन." त्यामुळे तेही सांगता येत नाही. माझ्या तोंडावर फडके तेवढे बांधा. उंदीर आतला पडदा कुरतडतात.

परवा, गुरुवारी, सुनावणी झाली. न्यायालयाने ध्वनिमुद्रण ऐकले, यादीची वही मागवून घेतली आणि निकाल राखून ठेवला. तारीख दिलेली नाही.