कान्नोनमाय शहरात जाते

मूर्ती संग्रहालयात आणण्याआधी भिक्षूकडून तिच्यातला जीव काढून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. जीव काढला की उरतं ते लाकूड. लाकडाचा विमा उतरतो, देवाचा उतरत नाही.

मी नागाहामा शहरातल्या एका संग्रहालयात मूर्ती सांभाळतो. त्या सकाळी टेम्पो, कापसाच्या गाद्या आणि रेंशो भंते यांना घेऊन डोंगराखालच्या एका खेड्यात गेलो. तिथली कान्नोनमाय, करुणेची देवता, नऊशे वर्षांची. लढायांच्या काळात गावाने तिला शेतात पुरून वाचवलं. त्यात तिचे दोन्ही हात गेले. पुढे घराघराने पाळी लावून रोज तिच्यापुढे पाणी ठेवलं. आता पाळी लावायला घरंच नव्हती, आणि देऊळही पाडायचं ठरलं होतं. किनुए आजी तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्याही मुलाकडे ओसाकाला निघाल्या होत्या.

भंतेंनी मंत्र सुरू केला. आजींनी मध्येच विचारलं, "काढलेला जीव ठेवणार कुठे?"

"तो आपल्या जागी परत जातो, आजी."

"तिची जागा ही. आणि हे देऊळ तुम्ही पाडताय."

भंते दुसरं काहीतरी शास्त्रातलं सांगू लागले.

"मला नको शिकवूस, रेंशो. नैवेद्याचा भात पळवायचास तेव्हा तुझा कान मीच धरला होता. जीव माझ्याकडे दे. घरच्या देव्हाऱ्यात ठेवीन."

"आणि तुमच्यानंतर?"



"सून देव्हाऱ्यावर इस्त्री ठेवते," आजी म्हणाल्या.

आजी माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमच्या काचेत तिच्यासोबत काय असतं?"

"मंद दिवा. आणि कोपऱ्यात पाण्याचा पेला. हवा कोरडी झाली की लाकूड तडकतं, म्हणून."

"पाणी कोण बदलतं?"

"मीच. दर सोमवारी."

"म्हणजे आठवडाभराचं शिळं पाणी."

"रोज बदलेन," मी म्हणालो. असं आश्वासन द्यायचा मला अधिकार नव्हता.

"हात धुवून."

"हात धुवून."

आजी भंतेंना म्हणाल्या, "राहू दे जीव तिच्यातच."

भंतेंनी माझ्याकडे पाहिलं. मी हरकत घ्यायला हवी होती. नोकरीच त्यासाठी होती. मी ड्रायव्हरला गाद्या आणायला सांगितलं. भंतेंनी मंत्र सोडून घंटा वाजवली, नुसतीच.

आम्ही कान्नोनमायला पांढऱ्या कापडात गुंडाळू लागलो. चेहरा झाकायच्या आधी आजी तिच्या कानाशी वाकल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज बाहेर टेम्पोपर्यंत पोचली.

"माणूस बरा दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण पाणी चुकवलं तर खुशाल तडक."