कानाला न टोचणारं

श्यामसुंदर आयुष्यात कधी एका जागी बसला नव्हता. विमा कंपनीत सर्व्हेअर होता तेव्हा आज जळालेलं गोदाम बघायला नांदेडला, उद्या उलटलेला ट्रक बघायला चिपळूणला, असं सुरू असायचं. रिटायर झाल्यावर रोज पहाटे नॅशनल पार्कात सात किलोमीटर चालायचा. दुपारी भाजी, बँक, सोसायटीच्या टाकीची सफाई, काहीतरी उकरून काढून बाहेर पडायचाच. बायको मृणालिनी म्हणायची, "अहो, घराला भिंती आहेत, त्यांनाही तुमचं तोंड दिसू द्या कधीतरी."

अशा माणसाला डॉक्टर अस्मितांनी सांगितलं की सात दिवस पालथं पडून राहायचं.

उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. खिडकीचे सरळ गज त्याला वाकडे दिसत आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात नाकाच्या जागी नुसता धूर दिसे. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा होता. बुडबुडा नेहमी वर जातो, म्हणून तोंड खाली ठेवलं तरच तो मागच्या पडद्यावर दाबून बसणार आणि भोक मिटणार. जेवायला, अंघोळीला उठायचं, बाकी वेळ मान खाली. टीव्ही नाही, मोबाईल नाही, पेपर नाही.

"आणि मी करायचं काय?" श्यामसुंदरने विचारलं.

"गाणी ऐका," डॉक्टर म्हणाल्या.

गंधालीने, त्याच्या मुलीने, कपाटातून कॉलेजातला म्युझिक प्लेअर शोधून काढला. काडेपेटीएवढा, पाठीला चिमटा असलेला. मोबाईलच्या काचेवर बोट कुठे टेकवायचं ते बघावं लागतं, याची बटणं मात्र न बघता नुसती चाचपून दाबता येत. तिने त्यात रात्री जागून दोनशे गाणी भरली. त्याचे इअरफोन मात्र केव्हाच तुटले होते. ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी सकाळी बापलेक इअरफोन घ्यायला बोरीवली स्टेशनच्या बाजूच्या बाजारात गेली.

पहिल्या दुकानात सगळा माल बिनवायरचा. "काका, गोल पिनवाला आता कोण वापरतो?" म्हणत पोऱ्याने हात झटकले. दुसरं दुकान मोठं, एसी लावलेलं. तिथे वायरवाले होते. काळे, पांढरे, लाल, पुढे रबराची बोंडं असलेले. श्यामसुंदरने एक जोडी कानात घातली, वीस सेकंदांत काढली. दुसरी घातली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, काढली. गंधालीने गाद्या लावलेला मोठा हेडफोन डोक्यावर चढवून दिला.

"मऊ आहे ना?"

"मऊ आहे. पण उशीवर कपाळ टेकलं की ही पट्टी सरकणार." त्याने लगेच काढून ठेवला. "लवकर बघ गं. मला अजून वकिलाकडे जायचंय."

"वकिलाकडे कशाला?"

"सोसायटीचं काम आहे."

सोसायटीचं काम मागच्याच आठवड्यात संपलं होतं, हे गंधालीला ठाऊक होतं. गेले चार दिवस बाबांचं असंच चाललं होतं. रात्री उठून नळ तपासायचे, सकाळी गॅसची नळी तपासायची, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की चप्पल शोधायची.

"साहेब, हा बघा," दुकानदार म्हणाला. "बाहेरचा काही आवाज येणार नाही. एकदम शांत."

श्यामसुंदर म्हणाला, "पालथं पडून बघायला पाहिजे. उभ्याने सगळेच चांगले वाटतात."

"इथे?" गंधालीने विचारलं.

"मग काय घरी नेऊन परत आणू?"

त्याने ती रबरी बोंडं कानात खोलवर बसवली, काउंटरच्या काचेवर दोन्ही हातांची घडी घातली आणि त्यात तोंड खुपसलं. गंधालीने बटण दाबलं. बासरी सुरू झाली. काच गार होती. डोळे मिटलेले, नाक मनगटाला टेकलेलं. मग अचानक त्याच्या लक्षात आलं की बासरीशिवाय जगात काहीच उरलेलं नाही. रिक्षांचे भोंगे नाहीत, पंख्याची घरघर नाही. गंधाली शेजारी उभी आहे की निघून गेली? कुणी त्याला हाक मारत असेल तर? त्याने श्वास घेतला, तो स्वतःच्याच डोक्यात गरगरल्यासारखा मोठा ऐकू आला.

तो ताडकन उठला. वायर ओढली गेली, प्लेअर काउंटरवर आपटला आणि मोबाईल कव्हरांचा स्टँड आडवा झाला.

"नको. हे नको," तो म्हणाला आणि दुकानाबाहेर पडला.

गंधालीने दुकानदाराची माफी मागितली, कव्हरं उचलून दिली आणि बाहेर आली, तोवर तो भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला पोचला होता. भरभर चालत होता. त्याला अण्णा आठवत होते, त्याचे वडील. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर बोरीवलीतल्याच बाभईच्या खोलीत खाटेवर बसून असायचे ते. दार वाजलं, पाऊल वाजलं की विचारायचे, "कोण आहे तिथे?"

"बाबा! थांबा ना यार, धावत काय सुटलात?" गंधाली धापा टाकत आली. "काय झालं?"

"काही नाही. घाम आला."

"एसीत?"

तो उत्तर द्यायचं टाळून बाजूच्या गल्लीत शिरला. तिथे घड्याळं, टॉर्च, रिमोट असं कायबाय दुरुस्त करणारं एक चिंचोळं दुकान होतं. मालक राजेशभाईंनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं, प्लेअर हातात घेतला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले. काय हवंय ते गंधालीने सांगितलं. पालथं झोपायचंय, सात दिवस, टोचता कामा नये.

राजेशभाईंनी खालच्या खणातून एक डबा काढला. त्यात जुन्या धर्तीचे इअरफोन होते. चपट्या चकत्या, त्यावर काळ्या स्पंजची टोपडी, आत न घुसता कानाच्या खळग्यात नुसते टेकून राहणारे.

"पण एक सांगतो, काका. हा बाहेरचा आवाज अडवत नाही. ट्रेनमध्ये, रस्त्यावर सगळं ऐकू येतं. म्हणून कोण घेत नाही."

"घरात कुणी बोललं तर ऐकू येईल?"

"बोललं तर? कुकरची शिट्टी पण ऐकू येईल."

श्यामसुंदरने ते लावले. दुकानातल्या स्टुलावर बसून गुडघ्यांवर कोपरं टेकली, तळव्यांत तोंड धरलं. बासरी वाजत होती आणि तिच्या मागे राजेशभाई कुणाला तरी घड्याळाचा सेल देत होते, गंधाली फोनवर आईशी बोलत होती. "नाही गं, बघतायत अजून. हो, आणते कोथिंबीर." तो तसाच पाच मिनिटं बसला. सकाळपासून इतका वेळ तो एका जागी पहिल्यांदाच बसला होता.

"हाच," तो म्हणाला. राजेशभाईंनी स्पंजची दोन जास्तीची टोपडी कागदात बांधून दिल्या.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर मृणालिनीने पलंगाच्या कडेला बाहेर डोकावतील असे दोन लोड लावून मधे खाच ठेवली. लोडांवर कपाळ आणि हनुवटी टेकवून तो पडून राही. डाव्या डोळ्याला फरशीचा एक चौकोन दिसे. त्या चौकोनात चहाचा कप यायचा, मृणालिनीची पावलं यायची, जायची. इअरफोन कानाला टोचत नव्हते. पण पाय वळवळत. पहिल्या दिवशी त्याने सगळी गाणी एकदा अर्धीअर्धी ऐकली, दुसऱ्या दिवशी नुसतीच पुढे ढकलली. तिसऱ्या दुपारी मृणालिनी दळण आणायला खाली गेली आणि तो उठून सरळ बसला. मग उभा राहिला. मग गॅलरीपर्यंत गेला.

दारात गंधाली उभी होती. गोरेगावच्या ऑफिसातून लवकर निघून आली होती.

"बाबा, वाट लावायचीये का डोळ्याची? झोपा आधी!"

तो मुकाट्याने पालथा झाला. ती रागाने स्वयंपाकघरात गेली, पाणी प्याली, परत आली आणि पलंगाजवळ फरशीवर मांडी घालून बसली. लोडांच्या खाचेतून त्याला तिचा चेहरा दिसला.

"काय होतंय नक्की? टोचतायत का?"

"नाही."

"मग?"

त्याने कानातले इअरफोन काढले. मग म्हणाला, "अण्णांना मी ट्रान्झिस्टर आणला होता. चांगला, महागातला. त्याला एका कानात घालायचं पांढरं बोंड होतं, कडक प्लास्टिकचं. डोळे गेले होते, दिवसभर बसून करणार काय? मी म्हटलं, झालं, सोय झाली. आणि दौऱ्यावर गेलो. परत आलो तर म्हणाले, श्याम, कानाला टोचतंय रे. कान लाल झाला होता. मी म्हटलं, दुसरं आणतो. आणि परत दौऱ्यावर गेलो."

"मग?"

"मग काही नाही. दर वेळी आणतो म्हणायचो. वर्षभर. त्यांनी नंतर सांगायचं सोडलं. बाजारात जाऊन एक बोंड आणायचं होतं गं. खरं तर मला त्या खोलीत बसवायचंच नाही. त्यांनी 'कोण आहे तिथे' विचारलं की मला पळून जावंसं वाटायचं."

त्याच्या नाकातून पाणी गळून फरशीवर पडलं. गंधालीने ओढणीने फरशी पुसली, मग त्याचं नाक पुसलं.

"रडू नका. डॉक्टरनी सांगितलंय."

"मी कुठे रडतोय? मान खाली आहे म्हणून येतंय."

"बरं."

"तुला वाटत असेल, बाबाला प्लेअर दिला, झाली सोय."

"नाही वाटत," ती फटकन म्हणाली. "आणि उद्या मला ऑफिसला जायचंच आहे. दोन मीटिंगा आहेत. संध्याकाळी येऊन इथे बसेन. बोलायचं तर बोला, नाहीतर गाणी ऐका. मी माझं काम करत बसेन."

ती बसली. त्या संध्याकाळी आणि पुढच्या चारही. लॅपटॉप मांडीवर घेऊन टकटक करत. कधी तो दौऱ्यावरच्या गमती सांगे, कधी नुसता पडून राही. मृणालिनी मधेच भाजी निवडायला तिथेच येऊन बसे. दिवसा मात्र कठीण जाई. तो मिनिटं मोजे, पाय आपटे, मृणालिनीवर खेकसे आणि मग तिला हाक मारून उगाच वेळ विचारे. पण उठला नाही.

आठव्या दिवशी डॉक्टर अस्मितांनी मशीनवर डोळा तपासला. "भोक मिटलंय," त्या म्हणाल्या. "नीट दिसायला दोन-तीन महिने लागतील. अगदी पहिल्यासारखं दिसेल असं नाही सांगत. जोराचं चालणं बंद. कंपाउंडात हळू फिरा."

संध्याकाळी तो गंधालीबरोबर खाली उतरला. डोळ्यातला बुडबुडा पावलागणिक हिंदकळत होता, बाटलीतल्या पाण्यासारखा. दोन फेऱ्या झाल्यावर गंधाली बाकावर बसली.

"बसा ना आता."

"एकच," म्हणून तो पुढे गेला. वॉचमनला मान हलवून, पार्किंगला वळसा घालून, भिंत धरून परत आला, आणि तिच्या शेजारी बसला.