वाढत्या अंगाचे टायर

मित्रांनो, गाडी दिसली की तुम्ही आधी तिचा रंग बघता, मग काचेला नाक लावून आत डोकावता, आणि फारच वेळ असला तर बोनेटवरच्या धुळीत बोटाने नाव लिहिता. टायरच्या आत मधोमध कोण बसलंय, हे बघायला आजवर कुणी वाकलेलं नाही. मी बरीच वर्षं वाट बघितली. आता स्वतःच सांगते. मी रिम. जुनी, लोखंडाची, पुढच्या डाव्या चाकातली.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची पट्टी गोल वळवली, टोकं जोडली, काठ दुमडले, मध्ये भोकांची तबकडी बसवली आणि मला उलटी टांगून रंगात बुचकळलं. नाव कुणी ठेवलं नाही. अंगावर आकडा ठोकला, साडेपाच. ही माझी रुंदी, इंचांत. एका काठाच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्या काठाच्या आतल्या बाजूपर्यंत. टायर मला आतूनच टेकतो, म्हणून मापही आतूनच. माणसांचं माप बाहेरून घेतात. बाकी आपल्यात फारसा फरक नाही.

आम्ही चौघी बहिणी चार कोपऱ्यांत लागलो. पाचवी डिकीत गेली. ती तेव्हापासून अंधारात पडून आहे आणि आमच्यापैकी कुणी पंक्चर होतंय का, याची मनापासून वाट बघते. स्वभावाने वाईट नाही.

गाडी एका शिंपी जोडप्याच्या घरी आली. मालकीणबाई शाळांचे गणवेश शिवायच्या आणि मालक ते गाडीतून पोचवायचे. माझ्या अंगावर एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंदीचा टायर होता. तो मला असा बसायचा, की आपण काही घातलंय हेच मी विसरायचे. वळण आलं की दोघं एकदम वळायचो. मालक सुट्टीच्या दिवशी ओल्या फडक्याने मला पुसायचे आणि म्हणायचे, "बघ, कशी चकाकते!"

"चष्म्याच्या काचाही कधी अशा पुसा," बाई आतून म्हणायच्या.

पण दोष काचांचा नव्हता. मालकांना हळूहळू समोरचं धूसर दिसू लागलं. एके दिवशी त्यांनी एका टपालपेटीने बाजूला व्हावं म्हणून बराच वेळ हॉर्न वाजवला. पेटी हटेना. शेवटी ते खाली उतरून तिला चार शब्द सुनावून आले. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं.

"मी शिकते," बाई म्हणाल्या.

"आई, आता? ह्या वयात?" मुलगा म्हणाला.

"शिवणयंत्र चालवतेच की. पायाने वेग, हाताने दिशा. इथे कापडाऐवजी रस्ता, एवढंच."

अखेर मुलगा मालकांसमोरच म्हणाला, "ठीक आहे. पण परवाना मिळाला नाही, तर गाडी विकून टाकू. दारात उभी राहून गंज खाईल नुसती." बाईंनी मान डोलावली. गणवेश पोचवायला दुसरं कुणी नव्हतं. गाडी गेली तर दुकानही जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सराव सुरू करायचा तर आधी टायर बदलायला हवे होते. जुने पार गुळगुळीत झाले होते. आणि इथेच घात झाला.

त्या घरात एक रीत होती. कुठलीही वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. मुलाचा शाळेतला शर्ट त्याला कॉलेजपर्यंत पुरला. पातेल्यांवरची झाकणं पातेल्यांपेक्षा मोठी. उशांचे अभ्रे तर एवढे ऐसपैस, की एकदा एका पाहुण्याला आत उशी सापडलीच नाही. तो बिचारा रिकाम्या अभ्र्यावर झोपला.

"काकू, ह्या रिमला एकशे पंच्याऐंशी," टायरवाला म्हणाला. "फार तर एकशे पंच्याण्णव. त्यापुढे नको."

"ते कोपऱ्यातले कितीचे?"

"दोनशे पंचवीस. ते मोठ्या गाडीचे, काकू."

"तेच द्या. जरा मोठेच बरे. वाढत्या अंगाचे."

टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. माझं वाढीचं वय निघून गेलं होतं. खरं तर ते कधी आलंच नव्हतं.

"काकू, रिम वाढत नाही."

"असं सगळेच म्हणतात. हाही वाढायचा नाही म्हणत होते." बाईंनी मुलाकडे बोट दाखवलं. तो सव्वासहा फुटांचा मुलगा शटरखाली मान वाकवून उभा होता. "तुमच्या जबाबदारीवर हं," म्हणत टायरवाल्याने टायर चढवून हवा भरली.

मित्रांनो, तो टायर माझ्या दोन काठांत चेपून बसला. दोन्ही बाजूंनी त्याचं पोट बाहेर आलं आणि मधला भाग रस्त्याकडे फुगला. शेजारी म्हणाले, "काय रुबाब आलाय गाडीला!" पण वळणावर आधी स्टिअरिंग वळायचं, मग मी वळायचे आणि टायर मागाहून, जरा विचार करून यायचा.

सराव करकरून परीक्षेचा दिवस उजाडला. मैदानात खांब रोवून आठाचा आकडा आखला होता. शेजारी परीक्षक बसले होते, तोंड असं, की हसायचं कसं ते कुणी शिकवलंच नसावं. बाईंनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि फुगलेला टायर मडगार्डच्या आत घासला. खर्रर्र! बाईंनी दचकून आठाच्या मधोमध ब्रेक मारला.

"थांबलात का?"

"खांबाला घासलं ना!"

"खांब तिकडे आहे, बाई."

"मग आवाज कसला आला?"

"वय झालं की येतात आवाज," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी बाईंना नापास केलं.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "अगं, फेरपरीक्षा आहे की पुढच्या सोमवारी."

"मी नाही जाणार. वळणावर गाडी माझं ऐकत नाही हो. हातातलं काहीतरी गेलंय माझ्या."

मुलाने गिऱ्हाईक शोधलं. ते सोमवारीच गाडी बघायला येणार होतं. मला सगळं सांगायचं होतं, पण मला भोकं पुष्कळ आहेत, तोंड एकही नाही.

गिऱ्हाईक यायचं म्हणून बाई गाडी पुसायला बसल्या. माझ्यापुढे उकिडव्या बसून त्यांनी फडकं फिरवलं आणि हात मध्येच थांबला.

"अहो, इकडे या. इथे हात लावा बरं."

मालकांनी चाचपलं. "मधे गुळगुळीत आहे. कडेला नव्या टायरचे ते रबरी केस तसेच."

"म्हणजे कडा जमिनीला लागतच नाहीत! पँट एकाच जागी झिजली, तर दोष कापडाचा नसतो, मापाचा असतो." गळ्यातली टेप त्यांनी टायरवर धरली, मग माझ्यावर. "मनगट एवढंसं आणि बाही बघा! फुग्याची बाही झालीय ही." मग स्वतःचे हात उलटसुलट करून बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे हात ठीक आहेत माझे."

इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या वेळीही पाहिलं असं म्हणणार नाही. डोळे त्यांनी मला पुसायच्या फडक्यानेच पुसले, त्यामुळे गालावर काळा पट्टा मात्र आला.

मुलाला गाडी काढायला लावून त्या थेट टायरवाल्याकडे गेल्या. "हे दोन्ही बाजूंनी जरा आत घेऊन द्या."

"काकू, टायरला टाके नाही घालता येत."

"मग एकशे पंच्याऐंशीच काढा."

"आणि वाढत्या अंगाचं काय?"

"वाढ थांबली तिची," बाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या.

सोमवारी पुन्हा तेच मैदान आणि तेच परीक्षक. बाईंनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. मी वळले, टायरही माझ्याबरोबरच वळला. कसलाही आवाज नाही. बाई कान देऊन ऐकत होत्या.

"आता काय ऐकताय?"

"काहीच नाही."

"मग चला पुढे. मागे रांग लागलीय," म्हणत परीक्षकांनी बाईंना पास केलं.

घरी दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं. गाडी थांबल्याबरोबर त्याने मला एक लाथ घातली. गाडी विकत घेणारे असंच करतात, त्यातून त्यांना काय कळतं ते मला अजून कळलेलं नाही.

"गाडी विकायची नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, मी दोन बसगाड्या बदलून आलोय!"

"मग बसा मागे. कुठे सोडू?" मग त्या मालकांकडे वळल्या. "अहो, तुम्ही पुढे या."

वाटेत पहिलं मोठं वळण आलं. गिऱ्हाइकाने दारावरची दांडी घट्ट धरली आणि वळण संपल्यावर सोडली. "गाडी चांगली आहे हो. द्यायला हवी होती तुम्ही," ते चुटपुटत म्हणालं. पुढच्या सीटवर मालकांना डुलकी लागली होती.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. टायर घेताना रिमवरचा आकडा वाचा. फार अरुंद टायर घातलात, तर माझे काठ उघडे पडून फुटपाथला ठेचतात. फार रुंद घातलात, तर काय होतं ते सांगितलंच. आकडा धुळीने झाकलेला असेल, तर फडकं मारा. आणि एखादं माणूस वळणावर चुकलं, तर त्याला त्याचं वय सांगण्याआधी एकदा खाली वाकून बघा.